देवाचं गाव कुठलं

कुडाळजवळच्या ज्या गावात मी वाढले, तिथे देव म्हणजे जमिनीचा धनी. रवळनाथ, सातेरी, वेतोबा, ज्याची त्याची हद्द ठरलेली. दसऱ्याला तरंगं, म्हणजे देवाचे वस्त्रांनी सजवलेले खांब, निघतात, वाजतगाजत शिवेपर्यंत जातात, पलीकडच्या गावच्या देवाला भेटतात आणि माघारी फिरतात. सातेरी तर वारुळाच्या रूपातच, म्हणजे मातीच. माती कुठे जाणार? माणसं मुंबईला जातात, गिरणीत राबतात, गणपतीला नाहीतर जत्रेला परततात. देव मात्र जागचा हलत नाही, आणि तो हलत नाही म्हणूनच माणसांना परतायला गाव उरतं. हे कुणी शिकवलं नव्हतं. लहानपणापासून पाहत आल्यामुळे ते आपोआप अंगात भिनलं होतं.

चोवीस वर्षांपूर्वी लग्न होऊन गोव्यात, फोंड्याला आले. पहिल्याच सोमवारी सासूबाईंनी नारळ आणि केळी घेऊन मंगेशीला नेलं. कुळदेवाचं पहिलं दर्शन. संध्याकाळी पालखी निघाली, सनई वाजली, दीपस्तंभाच्या सातही मजल्यांवर ऊन उतरत गेलं. परतताना बसमध्ये मी सहज विचारलं, "आई, आपलं मूळ गाव मंगेशीच ना?"

"मंगेशी हा पत्ता झाला," त्या म्हणाल्या. "गाव कुठ्ठाळी."

"आपलं?"

"आपलंही आणि देवाचंही."

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही, असं सांगितलं तर कुणाला अतिशयोक्ती वाटेल. पण मी ज्या मुलुखातून आले होते तिथे हे वाक्य उच्चारणंसुद्धा अवघड होतं. देवाचं गाव एक आणि राहतं घर दुसरं, हे कसं काय?

मग हळूहळू कळत गेलं की आमच्या फोंडा तालुक्यात, जुन्या नावाने अंत्रुज महालात, असे कितीतरी देव आहेत. आई दुपारी तांदूळ निवडायला बसल्या की सुपातल्या खड्यांबरोबर नावं निघायची. मंगेश कुठ्ठाळीचा. म्हाळसा वेरण्याची. शांतादुर्गा केळशीची, आता कवळ्याला. रामनाथ लोटलीचा. महालक्ष्मी कोलव्याची, आता बांदिवड्याला. शिरोड्याची कामाक्षी रायची. सासरी नांदणाऱ्या लेकींची माहेरं सांगावीत तशी त्या ही गावं सांगत. इतिहासाची पुस्तकं मी नंतर वाचली; पण नकाशा माझ्या डोक्यात तयार झाला तो त्या सुपाशेजारी बसून.

तारखा थोडक्यात सांगते. १५१० साली पोर्तुगीज सेनानी आफोंसो द अल्बुकर्कने आदिलशाहीकडून तिसवाडी बेट घेतलं. १५४३ मध्ये बार्देस आणि साष्टी हे गोव्यातलेच शेजारचे महाल पोर्तुगीजांकडे गेले. कुठ्ठाळी, केळशी, वेरणे, लोटली, कोलवा, राय ही सगळी गावं तेव्हाच्या साष्टीतली. तिसवाडीतली देवळं १५४० च्या सुमारास पाडली गेलीच होती. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह शोधून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, बसलं, आणि १५६७ साली एकट्या साष्टीत २८० देवळं जमीनदोस्त केल्याची नोंद पोर्तुगिजांच्याच कागदांत आहे. हा आकडा वाचला की मी दर वेळी थांबते. ज्यांची नावं आई सांगत, त्यांची संख्या दोन हातांच्या बोटांवर मावते. बाकीच्या देवांचं काय झालं? कुणाच्या परसात पुरले गेले असतील, कुणी विहिरीत सोडले असतील. ज्यांना न्यायला माणसं होती, होडी होती आणि नदीपलीकडे कुणी ओळखीचं होतं, तेवढेच वाचले.

मंगेशाचं लिंग १५६० मध्ये झुआरी ओलांडून प्रियोळला आलं. या नदीचं पुराणातलं नाव अघनाशिनी. कौंडिण्य आणि वत्स गोत्राच्या सारस्वत घराण्यांनी ते आणलं, असं परंपरा सांगते. देवळातल्या पाटीवर हे एका ओळीत संपतं. पण मी घर चालवणारी बाई आहे. घर हलवायचं म्हणजे काय असतं ते मला ठाऊक आहे. रातोरात निघायचं असेल तर आधी काय उचलायचं? समई की शेतीचे कागद? म्हातारी माणसं होडीत कशी बसवायची? दावणीची गुरं? आणि ज्या शेजाऱ्याने मागे राहायचं ठरवलं आहे, त्याला जाताना काय सांगायचं? कारण सगळे गेले नाहीत. कित्येक जण जमिनीपाशी राहिले, धर्म बदलून राहिले, आणि त्यांना दोष देण्याचा अधिकार चारशे वर्षांनंतर पंख्याखाली बसून लिहिणाऱ्या कुणालाच नाही, माझ्यासारखीला तर मुळीच नाही.

नदीच्या अलीकडे कुणाचं राज्य होतं, हेही ध्यानात ठेवण्यासारखं आहे. अंत्रुज तेव्हा पोर्तुगीजांच्या हाताबाहेर, विजापूरच्या आदिलशाहीच्या छायेत होता. फोंड्याच्या बाजाराजवळ साफा मशीद आहे, चिऱ्याची, पुढ्यात मोठी तळी असलेली. ती अली आदिलशहाच्या काळातली, आणि तिचंही साल १५६० सांगितलं जातं. मी भाजी घ्यायला त्या बाजूने जाते तेव्हा हे साल आठवतं. एकाच वर्षी एका सुलतानाच्या मुलुखात मशीद उभी राहते आणि नदीपलीकडून पळून आलेल्या शंकराला दोन कोसांवर जागा मिळते. आजच्या भांडणांत हे कुणालाच सोयीचं वाटणार नाही, पण माझ्या गावाच्या इतिहासात ते आहे आणि मला त्याचा अभिमान वाटतो.

आता देवळांविषयी. बाहेरून येणारे लोक "किती प्राचीन देऊळ" म्हणतात तेव्हा मी गप्प राहते, पण ते खरं नाही. देव प्राचीन आहेत, घरं नंतरची. पहिली काही दशकं देव साध्याशा छपराखालीच राहिले असावेत. आज आपण पाहतो ती दगडी-चुन्याची ऐसपैस देवळं बहुतेक अठराव्या शतकातली, मराठ्यांचा या भागात जम बसला तेव्हाची. कवळ्याच्या शांतादुर्गेचं देऊळ १७३८ च्या सुमारास छत्रपती शाहूंच्या कारकिर्दीत उभं राहिलं. त्यामागे शाहूंचे मंत्री नारो राम होते. ते मूळचे वेंगुर्ल्याकडच्या कोचऱ्याचे. माझ्या माहेरच्या बाजूचा माणूस, म्हणून मला ते जरा जास्तच जवळचे वाटतात. मंगेशी गाव १७३९ मध्ये पेशव्यांनी देवाला इनाम दिलं, ते पेशव्यांचे सरदार रामचंद्र मल्हार सुखठणकर यांच्या शब्दावरून. ते मंगेशाचे निस्सीम भक्त होते.

या देवळांचं रूपही पाहा. शिखराच्या जागी अष्टकोनी घुमटी, भिंतींना कमानीच्या खिडक्या, आत लटकलेली काचेची झुंबरं, उतरत्या छपरावर कौलं, समोर तळी, बाजूला यात्रेकरूंसाठी अग्रशाळा. घुमटाचा थाट मशिदीकडून आला, खिडक्या-कठड्यांचा चर्चकडून. ज्या गवंड्यांच्या बापजाद्यांनी नदीपलीकडे चर्च बांधली त्यांच्याच हातांचं हे वळण असणार. ज्यांनी घर मोडलं त्यांची खिडकी देवाने आपल्या नव्या घराला लावून घेतली. मला यात लाजण्यासारखं काही दिसत नाही.

एक अपवाद आवर्जून सांगायला हवा. बांदिवड्याचा नागेश कुठूनही आलेला नाही. तो मुळचा इथलाच. त्याच्या देवळात शके १३३५ चा, म्हणजे इसवी सन १४१३ चा शिलालेख आहे, विजयनगरच्या अमलातला. सभामंडपात वरच्या बाजूला लाकडात कोरलेलं रामायण आहे, मान दुखेपर्यंत पाहावं असं, आणि तळी तर इतकी देखणी की पावसात तिच्या काठी बसलं की उठवत नाही. रामनाथ, महालक्ष्मी, शांतादुर्गा यांनी मुक्काम ठोकला तो नागेशाच्या आसपासच. आई म्हणायच्या, नागेशी म्हणजे घरधनी. चार पाहुणे एकदम आले तरी ज्याने ओसरी मोकळी करून दिली तो. मला नेहमी वाटतं, गोव्याच्या इतिहासात आपण आलेल्या देवांच्या गोष्टी खूप सांगतो, जागा देणाऱ्याची कमी सांगतो.

पण देवाबरोबर होडीतून नक्की काय आलं? देऊळ आलं नाही. तळी आली नाही. जमीन आली नाही. जे आलं ते उत्सव आणि त्या उत्सवातली ज्याची त्याची सेवा. कुणी पूजा करायची, कुणी वाजवायचं, कुणी फुलं द्यायची, पालखीला पहिला खांदा कुणाचा, मशाल कुणाच्या हातात. ही यादी लोकांनी पाठ करून आणली. म्हणूनच इथल्या देवळाचा जुनेपणा मला भिंतींत सापडत नाही, तो नवरात्राच्या रात्री सापडतो.

मखर ज्याने पाहिलं नाही त्याला ते शब्दांत सांगणं कठीण आहे, तरी सांगते. घटस्थापनेपासून देवाची उत्सवमूर्ती एका सजवलेल्या मखरात बसवतात. हे मखर म्हणजे झोपाळाच. रोज रात्री त्याची सजावट वेगळी; एके दिवशी मोर, एके दिवशी गरुड, कधी हत्ती. आधी कीर्तन होतं. बुवा पूर्वरंग संपवून आख्यानाला येतात तोवर मंडप भरत जातो, बायका मुलांना मांडीवर घेऊन खांबांशी टेकलेल्या असतात, दाराशी चपलांचा ढीग. कीर्तन संपतं, सगळे उठून उभे राहतात, आणि पडदा बाजूला होतो.

वाद्यं सुरू होतात. ढोल, ताशे, सनई, घंटा, झांजा. सुरुवात संथ. मखर सावकाश डावीकडे जातं, उजवीकडे येतं. देवापुढच्या निरांजनांचा उजेडही त्याबरोबर हलतो, मग भिंतींवरच्या सावल्या हलतात, आणि थोड्या वेळाने लक्षात येतं की सगळा जमावही हलतो आहे. लय वाढते. मखराला झोका देणारे हात तालात असतात, ताल किंचितही चुकत नाही. वाढत वाढत एक क्षण असा येतो की वाद्यं आणि झोका एकमेकांत विरघळून जातात, छातीत ढोल वाजतो, आणि शेजारची अनोळखी बाई आपला हात घट्ट धरते. मग आरती. पहिल्या वर्षी मी रडले होते. आईंनी काही विचारलं नाही, पदराचं टोक पुढे केलं.

माझं एक मत आहे. ते इतिहासाने सिद्ध होणारं नाही, तरी लिहिते. माझ्या माहेरचा देव अचल आहे. इथले देव सतत हलतात. सोमवारी पालखीत, नवरात्रात मखरात, जत्रेत लालखीत, सुखासनात, रथात, कुठे कुठे तळीत नावेवर. पालखी आणि रथ सगळीकडेच असतात, हे मला ठाऊक आहे. पण मखराचा झोका पाहताना दर वर्षी माझ्या मनात ती होडी येते. अंधारात, भरतीच्या पाण्यावर, डावी-उजवीकडे हेलकावणारी. कुणीतरी मांडीवर देव धरून बसलेलं.

त्या रात्रींबद्दल आणखी एक गोष्ट. माझ्या सासरी बोलतात ती कोकणी. भांडण, लाड, आजारपण, बाजार, सगळं कोकणीतून. पण देवापुढे उभं राहिलं की तोंडून आरती येते ती मराठी, बुवांचं आख्यान मराठी, देवळाच्या फळ्यावरची सूचना मराठी, कालोत्सवातलं नाटक मराठी. यावरून गोव्यात बरीच भांडणं झाली आहेत आणि मला त्यांत शिरायचं नाही. पण केळशी या शांतादुर्गेच्या मूळ गावातल्या कृष्णदास शामाने १५२६ साली कृष्णकथा मराठी ओव्यांत रचली होती, हे कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं. म्हणजे देवी केळशी सोडून निघाली त्याच्या कितीतरी आधीपासून त्या गावात लोक घरात एक आणि देवापुढे दुसरी, अशा दोन्ही भाषा सुखाने बोलत होते.

आणि गाणं. मंगेशीच्या परिसराने जे गाणं दिलं ते सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. मास्टर दीनानाथ १९०० साली इथे जन्मले आणि देवाच्या गावावरूनच मंगेशकर झाले. जितेंद्र अभिषेकीही मंगेशीचेच, १९२९ चा जन्म. देवावर अभिषेक करणाऱ्यांच्या घराण्यातले, म्हणून ते आडनाव. जवळच्या केरीच्या केसरबाई केरकर १८९२ च्या. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर पृथ्वीवरचे जे आवाज अंतराळात पाठवले, त्यांत त्यांचा भैरवीतला आवाज आहे. ही नावं आपण अभिमानाने घेतो. पण देवळाच्या सेवेला बांधलेल्या ज्या कलावंत घरांतून गोव्याचं हे गाणं बहरलं, त्या घरांतल्या बायकांना देवळाच्या व्यवस्थेने मान दिला नाही. गाणं हवं, बाई नको, असा तो व्यवहार होता. त्या समाजाने पुढे स्वतःच संघटित होऊन, शिकून, गोमंतक मराठा समाज म्हणून आपली मान वर केली. मंदिरांचा इतिहास लिहिताना पोर्तुगीजांनी काय केलं हे आपण ठळक लिहितो. आपण आपल्याच माणसांशी काय केलं, तेही तितक्याच ठळकपणे लिहायला हवं. महाजनांच्या, म्हणजे देवळाच्या मानकरी घराण्यांच्या, यादीत परंपरेने पुरुषांचीच नावं असत, हेही.

मंगेशीहून पाचच मिनिटांवर म्हार्दोळ. तिथली म्हाळसा वेरण्याची. विष्णूच्या मोहिनी रूपातली ही देवी, म्हणून म्हाळसा नारायणी. अंगणात पितळी दिव्यांचा उंच स्तंभ आहे, कासवाच्या पाठीवर उभा. तिथल्या घंटेविषयी सांगतात की ती रोज वाजवायची नाही. जुन्या काळी कुणाला शपथेवर साक्ष द्यायची असेल तेव्हाच तिचा लोलक बांधत, आणि खोटं बोलणाऱ्याला देवी सोडत नाही असा धाक होता. पण माझ्यासाठी म्हार्दोळ म्हणजे जायांची, जाईच्या फुलांची, पूजा. पावसाळ्यात, जायांच्या हंगामात, म्हार्दोळचे फुलकार देवीला जायांनी मढवतात. खांब, कमानी, गाभारा, सगळीकडे पांढऱ्या कळ्या. बाहेर पाऊस, आत तो ओला सुगंध. एरवी जी माणसं देवळाच्या दारात बसून पानात गुंडाळलेल्या जायांच्या माळा विकतात, त्या दिवशी उत्सव त्यांचा असतो. मोठ्या जत्रेपेक्षा मला हा दिवस आवडतो. वर्षभर फुलं विकणाऱ्यांनी एक दिवस सगळी फुलं नुसती देऊन टाकायची.

माशेलला देवकीकृष्णाचं देऊळ आहे, तेही असंच स्थलांतराचं. चोडण बेटावरून आधी मये आणि तिथून माशेल. देवकीच्या कडेवर बाळकृष्ण. आईबरोबरच्या कृष्णाचं देऊळ फार ठिकाणी पाहायला मिळत नाही. आषाढी एकादशीनंतर द्वादशीला देवळापुढच्या मैदानात चिखलकालो होतो. आदल्या दिवसाचं भजन संपलं की अंगाला तेल चोळून पुरुष आणि मुलगे चिखलात उतरतात, कृष्णाचे खेळ खेळतात, लोळतात. माझा मुलगा सात वर्षांचा असताना तिथून परतला तेव्हा त्याचे फक्त डोळे दिसत होते. घरातली फरशी पुसायला मला दोन दिवस लागले, पण तो दिवस तो अजून विसरलेला नाही.

मला वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. इथल्या एका देवळात (नाव घेत नाही) माझ्या डोळ्यांदेखत जुना लाकडी मंडप उतरवला. खांबांवरचं कोरीवकाम वाळवीने खाल्लं होतं हे खरं, पण सगळंच नाही. त्याजागी चकचकीत संगमरवर आला. शेणाने सारवलेली, मग चुन्याची, मग लाल कोब्याची अशी ती जमीन होती, तिच्यावर उन्हाळ्यात पाय थंड व्हायचे. आता दुपारी उजेड डोळ्यांत घुसतो. उतरवलेले खांब देवळामागे पावसात पडून होते. मी विचारलं तेव्हा उत्तर मिळालं की देणगीदाराची इच्छा. श्रद्धेनेच दिलेले पैसे होते, त्यात शंका नाही. पण ज्या हातांनी ते खांब कोरले, त्यांचीही ती सेवाच होती. ती अशी पावसात टाकायची नसते.

उत्सव मात्र अजून टिकून आहेत. मुंबईहून, कारवारहून, मंगळूरहून, पार कोचीहून कुळावी, म्हणजे ज्यांचा हा कुळदेव ती माणसं, येतात. पिढ्यान्‌पिढ्या मल्याळम बोलणारी माणसं मंगेशीच्या चौकात उभी राहून देवाला पाकळी लावायला सांगतात, मूर्तीवर चिकटवलेली फुलाची पाकळी उजवी पडते की डावी, हे श्वास रोखून पाहतात. लग्न करू का? घर घेऊ का? देवाचा कौल. मी स्वतः एकदा असा कौल मागितला आहे. काय मागितलं ते सांगणार नाही, पण पाकळी उजवी पडली होती.

स्थलांतरित देवांच्या सगळ्या उत्सवांत मला सर्वांत जास्त हलवून सोडणारा उत्सव अंत्रुजाबाहेरचा, दक्षिण गोव्यातला आहे. कुंकळ्ळीची शांतादुर्गा आता फातर्प्याला आहे. शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण म्हणूनच ती ओळखली जाते. कुंकळ्ळी हे गाव साधं नाही. देवळं पाडल्याच्या रागातून १५ जुलै १५८३ रोजी तिथल्या लोकांनी जेझुइट पंथाचे पाच ख्रिस्ती धर्मप्रचारक मारले. मग बोलणी करायला म्हणून गावच्या सोळा गावकरांना, म्हणजे गावप्रमुखांना, असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि त्यांतल्या पंधरांना ठार केलं. उरलेला एकच नदीत उडी टाकून वाचला, असं सांगतात. त्या गावकरांचं स्मारक आज कुंकळ्ळीत आहे. शिगम्यात, रंगपंचमीच्या दिवशी, देवी फातर्प्याहून आपल्या जुन्या जागी परत येते. याला सोंत्रेयो म्हणतात, छत्र्यांचा उत्सव. गावच्या बारा वांगडांच्या, म्हणजे बारा घराण्यांच्या, बारा रंगीत छत्र्या मिरवणुकीत नाचतात, गुलाल उडतो, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हिंदू आणि ख्रिस्ती दोघेही उभे असतात, कारण ते एकाच गावकरांचे वंशज आहेत.

मी तो उत्सव पाहायला गेले तेव्हा उन्हात एका ख्रिस्ती घराच्या बल्कांवात, म्हणजे दारापुढच्या कट्ट्यावर, बसले होते. घरातल्या आजींनी पाणी दिलं. त्यांच्या दाराशी फुलांची परडी तयार होती. छत्र्या समोरून गेल्या तेव्हा त्या उठून उभ्या राहिल्या, फुलं टाकली, कपाळावरून छातीपर्यंत क्रूस केला आणि मला म्हणाल्या, "आमची बाय आयली." आमची बाई आली. एवढंच. वर्षातून एकदा माहेरी येणाऱ्या लेकीविषयी बोलावं तसं.

फोंड्याला परतल्यावर मी हे आईंना सांगितलं. त्या तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या. बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "आपला देव काही कुठ्ठाळीला जात नाही. मीही कधी गेले नाही."

मी थक्क झाले. आयुष्यभर ज्या गावाचं नाव घेतलं, तिथे त्या कधीच गेल्या नव्हत्या. वास्कोला जाताना बसमधून दिसलं असेल तेवढंच, त्या म्हणाल्या. उतरून पाय ठेवला नाही. का? त्यांनी उत्तर दिलं नाही. मला वाटतं, तिथे काही उरलेलं नसेल याची त्यांना भीती वाटत होती.

पुढच्या रविवारी आम्ही निघालो. पुलावरून गाडीने जाता आलं असतं, पण त्यांनी स्वतःच सांगितलं, "नदीतून जाऊया." मडकईच्या धक्क्यावरून कुठ्ठाळीला फेरीबोट जाते. आईंनी म्हार्दोळच्या जायांची वळेसर माळली होती. दोन स्कूटर, एक टेम्पो, मासळीची पाटी घेतलेली एक बाई आणि आम्ही. फेरीबोटीचं तोंड वर झालं, इंजिन धडधडलं, आणि मडकईचा काठ मागे सरकू लागला. खारफुटी, मानशीचे दरवाजे, खाजनातले बगळे. आई लोखंडी कठडा धरून उभ्या होत्या. बसायला सांगितलं तर मान हलवली.

मासळीवाली त्यांच्याकडे पाहत होती. मग तिने विचारलं, ही फुलं म्हार्दोळची का? आईंनी हो म्हटलं. ती म्हणाली की तिच्या घरातून अजूनही दर वर्षी देवीला नारळ आणि तेल जातं. तिच्या नवऱ्याच्या आजोबांपासून, कदाचित त्याच्याही आधीपासून. आईंनी केसांतल्या माळेचा अर्धा तुकडा तोडून तिला दिला. तिने तो डोळ्यांना लावला, अंबाड्यात खोवला आणि म्हणाली, "देव बरें करूं."

काही मिनिटांतच कुठ्ठाळीचा धक्का आला. आई माझा हात धरून उतरल्या. समोर रस्ता, टपरी, माडांमागे पांढरं चर्च, उन्हात उभी बस. त्या पुढे गेल्या नाहीत. धक्क्याच्या कडेला उभं राहून मागे वळल्या आणि पाण्यापलीकडे पाहिलं. ज्या बाजूने आलो होतो ती बाजू तिथून स्वच्छ दिसत होती, झाडं मोजता येतील इतकी.

"एवढंच अंतर?" त्या म्हणाल्या.

मग त्यांनी चपला काढल्या, कुठ्ठाळीच्या मातीवर अनवाणी उभ्या राहिल्या आणि नदीपलीकडे, मंगेशीच्या दिशेने, हात जोडले. मी त्यांच्या चपला हातात घेऊन बाजूला उभी राहिले. परतीच्या फेरीबोटीचा भोंगा वाजला तरी त्यांचे हात जोडलेलेच होते. आम्ही ती फेरी जाऊ दिली.